मी खोडलेलं अर्धं वाक्य

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी माणगावच्या बाजारात भाजी निवडत असलो की मागून हाक येते, "काय सर, आज समस्या काय?" हाक मारणारा कधी पतपेढीतला कारकून असतो, कधी मोबाईलच्या दुकानाचा मालक. एकदा महामार्गावर आमची गाडी अडवणाऱ्या हवालदाराने मला ओळखलं, सलाम ठोकला आणि हाच प्रश्न विचारला. शेजारी बसलेल्या व्याह्यांची समजूत झाली की माझ्यावर एखादा खटला चालू असावा. ती अजून पुरती गेलेली नाही.

तर 'समस्या सर' हे मला मुलांनी ठेवलेलं नाव. मी इथल्या एका महाविद्यालयात व्यवसाय-व्यवस्थापन शिकवत असे. शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलाने एखादा चालता धंदा निवडायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि अहवाल लिहायचा. धंदा म्हणजे काही टोलेजंग कंपनी नव्हे. कुणाच्या मामाचं हार्डवेअर, कुणाची काशीदच्या किनाऱ्यावरची चहाची टपरी, कुणाच्या घरची मासेमारीची होडी. त्या अहवालाच्या पहिल्याच पानावर चार-पाच ओळींचं एक समस्या-विधान असतं. मुलं त्याला प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणतात. मी उभ्या नोकरीत मुख्यतः काय केलं असेल, तर त्या चार-पाच ओळी लिहून घेतल्या.

बाहेरच्याला वाटतं, यात काय शिकवायचं? धंदा चालत नाही, ही समस्या. लिहिलं आणि झालं. पण कोकणात कौलारू घरात राहिलेल्या कुणालाही विचारा. पाणी माजघरात गळतं आणि फुटलेलं कौल असतं तिकडे पडवीच्या वर. पाणी वाशावरून घरंगळत कुठून कुठे येतं. माजघरावरची कौलं कितीही बदला, गळतीखालची बादली काही हलत नाही. समस्या-विधान म्हणजे ते फुटकं कौल नेमकं कुठे असावं, याचा प्रामाणिक अंदाज. काय बिघडलंय, कुणाला त्याचा त्रास होतोय आणि आपल्याला त्यातलं काय माहीत नाही, एवढं साध्या भाषेत लिहायचं. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. आपल्याला काय माहीत नाही हे लिहायला माणसाला फार जड जातं, आणि शिक्षकाला तर त्याहून.

मुलं ठरलेल्या चुका करत. निम्मी मुलं लिहीत, "मार्केटिंगचा अभाव." एका पठ्ठ्याने शहाळी विकणाऱ्या आपल्या चुलत्याची समस्या लिहिली होती, "मोबाईल ॲप नसणे." मी त्याला म्हटलं, "बाळा, हे दुखणं नव्हे, हे औषधाचं नाव आहे. दुखतंय कुठे ते सांग." त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सर, काकाचं म्हणणं हाय, गुडघे दुखतात." पुढे खरोखरच तेच निघालं. चुलते दुपारी दोननंतर उभे राहू शकत नव्हते आणि पर्यटक येत चारनंतर. एका स्टुलाने जे झालं असतं, त्यासाठी आम्ही ॲप बनवणार होतो.

मी लाल पेनाने खोडत असे. एकेकाचं विधान सात-सात वेळा परत पाठवत असे. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो. घरी मात्र या विद्येला काडीची किंमत नव्हती. मीठ संपलंय असं बायको म्हणाली की मी विचारायचो, मीठ संपलंय की आणायचं राहिलंय? ती पिशवी उचलायची. "तुम्ही समस्या शोधा, मी मीठ आणते."

विद्यार्थी सोडून बाहेरची माणसंही येत. त्यांतले हसनमियाँ मला विसरता येत नाहीत. बरीच वर्षं कुवेतला एका शीतगृहात काम करून ते परत आले होते आणि मुरुडकडच्या एका छोट्या बंदरावर त्यांनी बर्फाचा कारखाना काढला होता. कडक इस्त्रीचा सदरा, मनगटावर मोठं घड्याळ. खुर्चीवर बसत म्हणाले, "सर, माशाल्ला, मशीन नवी, पाणी साफ, बरफ असा कडक की टोच्या मोडेल. पण होड्यावाले माझ्याकडून उचलत नाहीत. लांब जाऊन दुसऱ्याचा आणतात." त्यांनी स्वतःच समस्या-विधान लिहून आणलं होतं. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, "कोळी लोकांना वेळेची शिस्त नसल्यामुळे बर्फाची विक्री होत नाही."

मी म्हटलं, "मियाँ, ही समस्या नाही. ही तक्रार आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी मदत मागायला आलो, इम्तिहान द्यायला नाही," असं म्हणून ते उठलेच. मी चहा मागवला. चहा यायला वेळ लागला म्हणून ते थांबले, नाहीतर हा किस्सा इथेच संपला असता.

मी माणगावचा. समुद्रापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर जन्म काढला, पण भरती-ओहोटीतलं मला शष्प कळत नव्हतं. आम्ही दोघे बंदरावर जाऊन बसलो. पहिल्या खेपेला होड्या पहाटे सुटल्या, तेव्हा मियाँच्या कारखान्याला कुलूप. आठवड्याने गेलो तर त्या भर दुपारी सुटत होत्या, तेव्हा कामगारांची जेवणाची सुट्टी. मियाँ म्हणाले, "बघितलंत? रोज येगळा टाइम. याला काय म्हणायचं?" जवळच एक म्हातारा नाखवा दोर गुंडाळत होता. तो वर न बघताच म्हणाला, "आमची होरी पान्यावर चालते, मियाँच्या घड्यालावर न्हाय." त्या खाडीतून होडी बाहेर काढायला भरतीचं पाणी लागतं, आणि भरती रोज थोडी थोडी पुढे सरकते. मियाँ कुवेतच्या शिस्तीने रोज सहाच्या ठोक्याला दार उघडत आणि ठोक्याला बंद करत. बिचाऱ्यांनी याच शिस्तीवर तिकडे नाव कमावलं होतं.

आम्ही नवं विधान लिहिलं. होड्या भरतीच्या वेळेने सुटतात, कारखाना घड्याळाच्या वेळेने उघडतो. हे अंतर कसं भरून काढायचं? मियाँनी ते दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, हे तर मला मालूम होतं. माझा बापसुद्धा होडीवर होता."

समस्या-विधान नीट उतरलं की माणूस हमखास हेच म्हणतो, 'हे मला मालूम होतं.' त्यांच्या कचेरीत आता कुवेतच्या घड्याळाशेजारी भरतीच्या वेळा काढायला तिथींचं कॅलेंडर टांगलेलं आहे आणि रमजानात माझ्याकडे खजुराचा डबा येतो. अशा गोष्टी वर्गात सांगून मी बराच भाव खाल्ला. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना जरा जड जातं, पण दिवाळी अंकात फक्त जिंकलेल्या लढायाच लिहायच्या असा काही नियम नाही.

प्राची नावाची मुलगी दिवेआगरहून आमच्या महाविद्यालयात येत असे. रोज जाऊन-येऊन करणं शक्य नव्हतं म्हणून आठवडाभर माणगावला मावशीकडे राहायची आणि शनिवारी घरी जायची. अबोल होती, पण लिहायची नेमकं. तिचे वडील आजारपणात गेले होते. आई, सुमनताई, नारळी-पोफळीची वाडी सांभाळायच्या आणि वाडीतच तीन खोल्या बांधून पर्यटकांना राहायला-जेवायला द्यायच्या. मग ते चक्रीवादळ आलं. एका दिवसात वाडी आडवी झाली. नारळ पडले, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या. सुमनताईंनी रडून-भेकून नवी रोपं लावली. पण पोफळ हातात सुपारी द्यायला कित्येक वर्षं घेते. तोवर घर चालवायचं ते त्या तीन खोल्यांवर.

आणि खोल्यांत आलेली माणसं दुसऱ्यांदा येत नव्हती. पनवेलला राहणारा प्राचीचा मोठा भाऊ म्हणत होता, बास झालं आई, खोल्या बंद कर, वाडी कुणाला तरी कसायला दे आणि माझ्या फ्लॅटवर चल. या मे महिन्याचा हंगाम बघायचा आणि मग काय ते ठरवायचं, असं मायलेकांत ठरलं होतं. सुमनताईंना पनवेलच्या चौथ्या मजल्यावर जायचं नव्हतं. प्राचीने प्रकल्पासाठी घरचाच धंदा निवडला तो यासाठी. बाकीची मुलं गुणांसाठी लिहीत होती, ही आईची वाडी वाचवायला लिहीत होती.

तिचा पहिला कागद मला आजही अक्षरन् अक्षर आठवतो. "पाहुणे जेवल्याशिवाय माझी आई जेवत नाही, आणि आलेले पाहुणे पुन्हा येत नाहीत. या दोन्हींचा काही संबंध आहे का?"

मी पहिलं अर्धं वाक्य लाल पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, "घरगुती बाब. धंद्याशी संबंध नाही."

ती कागदाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मी तिला नवं वाक्य सांगितलं, तिने ते लिहून घेतलं: दिवेआगर येथील पर्यटन निवासातील ग्राहक पुन्हा न येण्याच्या कारणांचा अभ्यास. किती भारदस्त आणि किती रिकामं. विषय नोंदणीच्या अर्जावर गेला, त्यावर शिक्का बसला.

मग आमचं रीतसर संशोधन सुरू झालं. प्रश्नावली केली. खोली स्वच्छ होती का, पंखा चालू होता का, जेवण कसं वाटलं, समुद्र किती अंतरावर असावा. जुन्या पाहुण्यांच्या वहीतून नंबर काढून प्राचीने सगळ्यांना फॉर्म पाठवले. भरून आलेल्या प्रत्येक फॉर्मवर एकच उत्तर होतं: अतिशय समाधानी. एकीने तर शेवटी जागा नव्हती तिथे लिहिलं होतं, "काकूंच्या हातचं बिरडं विसरता येत नाही." सगळे अतिशय समाधानी आणि परत कुणी येत नाही. मी म्हटलं, प्रश्नावलीतच काहीतरी गडबड आहे, प्रश्न नीट बांधले पाहिजेत.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी ती घरी लवकर जायचं म्हणत होती, कारण खोल्या भरल्या होत्या. मी तिला थांबवून घेतलं. माझ्या टेबलासमोर बसून ती आठव्या प्रश्नातले पर्याय बदलत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. शेजारच्या काकांचा होता. सुमनताई स्वयंपाकघराच्या दाराशी चक्कर येऊन पडल्या होत्या.

झालं होतं ते असं. पाहुणे हरिहरेश्वरला गेले होते. दुपारी जेवायला येतो म्हणून सांगून गेले आणि वाटेत कुठे कुठे थांबत चार वाजेपर्यंत आलेच नाहीत. सुमनताईंना मधुमेह. सकाळी गोळी घेतलेली, न्याहारीला चहा-बिस्किट, आणि त्यानंतर पोटात काही नाही. घरात सात-आठ माणसांचा स्वयंपाक झाकून ठेवलेला. शेजाऱ्यांनी तोंडात साखर घातली, जवळच्या बोर्लीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि तिथून त्यांना माणगावला आणलं. मी आणि प्राची दवाखान्यात आधीच जाऊन उभे होतो.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा प्राचीने त्यांचा हात धरला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला त्या तोवर कधी भेटलेल्या नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "पावणे जेवले काय?"

प्राची माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. वळून बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिचं ते खोडलेलं अर्धं वाक्य माझ्यासमोर खाटेवर पडलेलं होतं. मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मला लाज वाटली. सात-सात वेळा मुलांना परत पाठवणारा मी, आणि जिने पहिल्याच कागदावर कौल नेमकं दाखवलं होतं तिचं बोट बाजूला सारलं. का, तर आई कधी जेवते हा प्रश्न अहवालात शोभत नाही म्हणून. पुस्तकात तसलं उदाहरण नव्हतं.

सुमनताई दोन दिवसांत घरी गेल्या. सोमवारी प्राची आली तेव्हा मी तिला म्हटलं, "माझी चूक झाली. तुझं पहिलं वाक्य बरोबर होतं. ते फॉर्म ठेव बाजूला. जुन्या पाहुण्यांना फोन कर आणि एकच गोष्ट विचार. जेवण कसं होतं हे नको. जेवायला बसताना काय वाटायचं, ते विचार." ती म्हणाली, "सर, तुम्हीच खोडलं होतं." मी म्हटलं, "हो."

लोक आधी आढेवेढे घेत होते. मग पुण्याच्या एक बाई, त्या बिरड्यावाल्याच, बोलल्या. प्राचीने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मी लिहून घेत होतो.

"तुझ्या आईने आम्हाला एकदाही घाई केली नाही गं. तीन वाजता आलो तरी हसून वाढलं. पण आम्ही येईपर्यंत त्या ओटीवर बसलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी कळलं की त्या जेवलेल्या नाहीत, आणि मग ते डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी आमची धाकटी पाण्यातून बाहेर आली आणि म्हणाली, चला, काकू उपाशी असतील. समुद्रासाठीच आणलं होतं तिला. मग आम्ही एक दिवस आधीच निघालो."

"फॉर्मवर का न्हाय लिहिलंत मावशी?" प्राचीने विचारलं.

"इतक्या चांगल्या बाईबद्दल काय लिहायचं?"

थोड्याफार फरकाने बाकीच्यांनीही तेच सांगितलं. कुणी दुसऱ्या दिवसापासून बाहेर जेवायला लागलं होतं, म्हणजे ताईंना थांबावं लागू नये. आणि ते बाहेर जेवले की ताईंना वाटायचं, आपलं जेवण आवडलं नाही. दोन्हीकडून माया आणि मधे हा घोटाळा. हा मराठी माणूसच करू जाणे.

वाचकांचा जीव टांगणीला नको म्हणून पुढचं आधीच सांगून टाकतो. खोल्या चालू आहेत. सुमनताई पनवेलला जातात, पण गौरी-गणपतीनंतर आठ दिवसांसाठी, आणि सहाव्या दिवशीच परत येतात. पुण्याची मंडळी दोनदा येऊन गेली. प्राचीला गुण बरे मिळाले, पण अहवालाचं शीर्षक नोंदणीनंतर बदलता येत नसल्यामुळे ग्रंथालयातल्या प्रतीवर अजून माझंच भारदस्त वाक्य आहे. नवी मुलं ती प्रत नमुना म्हणून चाळतात. मला ते पाहवत नाही.

पण हे सगळं घडायच्या आधी सुमनताईंना सांगायला हवं होतं. प्राची म्हणाली, "माझं न्हाय ऐकणार ती. तुम्ही चला." म्हणून एका रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी दिवेआगरला गेलो. वाडीत ऊन सरळ जमिनीवर पडत होतं. जुन्या पोफळींचे बुंधे कापून एका बाजूला रचलेले, आणि त्यांच्या जागी गुडघ्याएवढी रोपं, प्रत्येकाला झावळ्यांचा आडोसा केलेला. सुमनताईंनी मला हिंडून एकेक रोप दाखवलं. दवाखान्यातली बाई ती हीच का, असं वाटावं इतक्या त्या भरभर चालत होत्या.

एक वाजता ओटीवर पाट मांडला, पान वाढलं. वालाचं बिरडं, भात, तळलेले बोंबील, सोलकढी. वाफ येत होती. मी म्हटलं, "ताई, तुमचं पान?"

"तुमी बसा. मी मागनं जेवीन."

"मग मीही मागनं जेवीन," मी म्हटलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. शिक्षकाच्या हट्टीपणाचा आयुष्यात एवढाच एक सदुपयोग झाला असेल.

त्या हसल्या. मग मी खरंच हात लावत नाही हे पाहून त्यांचं हसू गेलं. "सर, असं करू नका. पावना उपाशी आन घरची बाई जेवलेली, असं आमच्या घरात कधी झालं न्हाय. सासूबाई सांगायच्या, पावना जेवून उठला की त्याच्या तोंडाकडं बघावं. त्यातच आपलं पोट भरतं."

"पण ताई, ही माणसं पैसे देऊन राहतात. त्यांचा हिशेब वेगळा."

"पैसे घेतले म्हणून तो पावना न्हाय काय?"

ग्राहक आणि पाहुणा यांतला फरक मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दाखवला होता, आणि त्या ओटीवर तो मला बोलून दाखवता येईना. प्राची चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सर, ते वाचून दाखवा."

मी खिशातून कागद काढला आणि पुण्याच्या बाईंचं बोलणं जसंच्या तसं वाचलं. धाकटी पाण्यातून उठून आली, इथपर्यंत आलो तेव्हा सुमनताईंनी पदर तोंडाला लावला.

"माझ्यापायी पोरगी पान्यातनं उठली?"

"तुम्ही थांबलात म्हणून."

"आन जेवताना?"

"घास गोड लागत नव्हता, म्हणतात."

माझ्या पानातली वाफ केव्हाच गेली होती. मग त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आपण या बाईला तिच्याच घरात बसून बोल लावला. दवाखान्यातून नुकतंच उठलेलं माणूस. प्राचीसुद्धा घाबरून दाराआड बघायला लागली.

सुमनताई बाहेर आल्या त्या एका हातात माझ्यासाठी दुसरं गरम पान आणि दुसऱ्या हातात स्वतःचं ताट घेऊन. थंड पान त्यांनी बाजूला सारलं. माझ्यासमोर, पण जरा तिरक्या, जमिनीवरच बसल्या. नवऱ्यामुलासमोर बसलेल्या मुलीसारख्या अवघडून. मी पहिला घास घेतला तेव्हा त्यांनीही घेतला, नजर खाली ठेवून. स्वयंपाक करताना त्या चव घेत नसत, पाहुण्याच्या आधी उष्टं होतं म्हणून. मीठ-तिखट सगळं अंदाजाने. बिरडं व्हायचं ते पाहुणे असतानाच, आणि त्या जेवत तेव्हा दुपार कलून सगळं गार झालेलं असे. म्हणजे चुलीवरून उतरलेलं स्वतःच्या हातचं बिरडं त्यांनी बऱ्याच वर्षांत खाल्लेलं नव्हतं.

तोंडातला घास गिळून त्या थांबल्या. माझ्याकडे नाही, प्राचीकडे बघत म्हणाल्या, "एवढी वर्षं पावणे सांगत व्हते गं, बिरडं चांगलं हाय म्हणून. मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून सांगतात."

मग त्यांनी पातेलं जवळ ओढलं आणि स्वतःच्या ताटात आणखी एक पळी वाढून घेतली.